पिकअप सकाळी सुरू होत नाही, दिवसभर मात्र एकदम ओके : एअर कुठून घुसत होती ते शेवटी सापडलं

ज्यांच्याकडं जुनी डिझेल पिकअप आहे आणि रोज पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ येते त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय. मला हा प्रॉब्लेम पूर्ण जायला सात महिने लागले, मधे दोनदा वाटलं गेला म्हणून, आणि दोन्ही वेळा परत आला.

गाडी २०११ ची, इंजिनाला डिझेल द्यायला जुना मेकॅनिकल रोटरी पंप, सीआरडीआय (कॉम्प्युटरवर चालणारी, जास्त दाबाची नवी डिझेल सिस्टीम) नव्हे. घेतली तेव्हा मीटरवर २ लाख ७० हजार होते, आता ३ लाख १२ हजार. केर्लीजवळ आमचा मळा आहे, मेथी कोथिंबीर फ्लॉवर असं भरून पहाटे साडेचारला निघायचं आणि सौदे सुरू व्हायच्या आत कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात पोचायचं, त्यामुळं दुपारी गाडी कशी पळते याला माझ्या लेखी काही किंमत नाही, पहाटे सुरू झाली पाहिजे बस्स.

आता नेमकं काय व्हायचं ते सांगतो. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. १५-२० सेकंद असंच, मग एक-दोन सिलेंडर पकडतात, गाडी थरथरते, पांढरा धूर सोडते, आणि अर्ध्या मिनिटात अशी काय शांत होते की जणू काही झालंच नाही. त्यानंतर दिवसभरात कितीही वेळा बंद करा, पहिल्या सेलला चालू. लोड भरून पन्हाळ्याचा चढ चढताना पण पॉवर कमी नाही.

सुरुवातीला सगळे सांगतात तेच केलं. बॅटरी नवी घातली, सेल्फ उतरवून कार्बन बदलले, चारी हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलेंडर तापवणारे) बदलले, डिझेल फिल्टर दोनदा. प्रत्येक वेळी चार दिवस बरं वाटायचं. शेवटी मिस्त्री म्हणाले, "पंप उतरायला लागतोय बघा, आतनं झिजलाय." पंप आणि नोझल (सिलेंडरात डिझेलचा फवारा मारणारे) मिळून अठरा-वीस हजाराचा अंदाज दिला. मिस्त्री वाईट नाहीत, त्यांच्याकडं गाडी दुपारी जायची, गरम इंजिनवर, तेव्हा त्यांना आजार दिसणार कसा?

पंपाला हात लावायच्या आधी म्हटलं स्वतः नीट बघू. दोन गोष्टी अशा आहेत की ज्याला काहीच हत्यार लागत नाही आणि त्यावरून निम्मं चित्र स्पष्ट होतं.

पहिली म्हणजे धूर. सेल्फ मारताना दुसऱ्या कोणाला तरी सायलेन्सरकडं बघायला उभं करा. सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही, पण पांढरा धूर येतोय, तर डिझेल आत पोचतंय पण जळत नाही, मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग, नोझल तिकडं बघा. धूर अजिबातच नाही तर डिझेलच पोचत नाही. माझ्या गाडीला पहिली १५ सेकंद काहीच धूर नव्हता, तो पांढरा भपका नंतर यायचा. म्हणजे हीटर प्लग बदलून उपयोग नव्हताच. तसेही हीटर प्लग मल्टिमीटरनं तपासता येतात, चांगला असेल तर साधारण १ ओहमच्या आसपास दाखवतो, जळाला असेल तर सर्किटच ओपन. न तपासता चारी बदलू नका.

धूर नसेल तर पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड (चावीवर डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) पण ऐकून घ्या, चावी ऑन केली की टिक् असा आवाज यायला हवा. तो नसेल तर वायर निघाली असेल नाहीतर सोलेनॉइड गेला असेल, पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

दुसरी गोष्ट हँड पंप. फिल्टरच्या वर जो दाबायचा पंप असतो तो सकाळी सेल्फ मारायच्या आधी २०-२५ वेळा दाबा, हाताला कडक लागेपर्यंत. मी दाबला आणि गाडी दोन सेकंदात चालू. परत दुसऱ्या दिवशी न दाबता, १८ सेकंद. तिसऱ्या दिवशी दाबून, परत दोन सेकंद. इथंच माझ्या डोक्यात पक्कं झालं की पंप झिजलेला नाही, रात्रीत पाइपातलं डिझेल मागं टाकीत उतरतंय आणि त्याच्या जागी हवा येतेय.

हे का होतं ते कळलं की शोधणं सोपं जातं. उसाचा रस पिताना स्ट्रॉ रसात बुडवा, वरचं तोंड बोटानं दाबा आणि स्ट्रॉ उचला, रस आतच राहतो. बोट जरा सैल केलं की सगळा खाली. गाडीचं तसंच, टाकी खाली चेसिसला, पंप वर इंजिनला, पाइप भरलेला राहतो तो फक्त हवा आत यायला जागा नाही म्हणून. कुठंतरी सुईच्या टोकाएवढी जरी फट असली तरी रात्रभरात डिझेल उतरतं. आणि या फटीतून डिझेल बाहेर गळताना दिसत नाही, कारण गाडी चालू असताना पंप ओढत असतो, आत दाब कमी असतो, त्यामुळं हवा आत जाते, डिझेल बाहेर येत नाही. चिरलेल्या स्ट्रॉनं रस ओढून बघा, तोंडात हवा येते पण स्ट्रॉच्या चिरेतून रस सांडत नाही. म्हणून "कुठं गळत नाही ओ" हे उत्तर या प्रॉब्लेमला चालत नाही.

मग मी गाडीखाली शिरलो. टाकीतून निघाल्यावर जी रबरी नळी असते ती वाकवून बघितली तर बारीक बारीक भेगा. बदलली, नव्या क्लिपा लावल्या, लाइनीतली एअर काढली (पद्धत खाली दिलीय) आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या सेलला चालू! एकोणीस दिवस काही त्रास नाही. घरात सगळ्यांना सांगितलं, चला, दोनशे रुपयांत काम झालं.

विसाव्या दिवशी परत तेच.

यावर मी दोन दिवस नुसता चिडून होतो. नळी परत तपासली, क्लिपा परत आवळल्या, काही फरक नाही. आई मात्र अंगणात बसून शेंगा फोडत होती ती सहज म्हणाली, "अरे ती अंगणात लावली की रुसते, रस्त्यावर लावत हुतास तवा कुठं काय म्हणत हुती." आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या एकोणीस दिवसांत पुतणीच्या लग्नाचा मांडव अंगणात होता, त्यामुळं गाडी बाहेर रस्त्याला लावत होतो, तिथं उतार आहे आणि गाडीचं तोंड उताराकडं. अंगणात तोंड घराकडं, आणि अंगण घराकडं चढत गेलंय. म्हणजे रस्त्यावर टाकी वर आणि इंजिन खाली, अंगणात इंजिन वर आणि टाकी खाली. नळी बदलून गाडी बरी झालीच नव्हती, फक्त उभी करायची जागा बदलली होती.

त्या दिवसापासून डॅशबोर्डवर एक वही ठेवली. रोज तीनच गोष्टी लिहायच्या, तोंड कुठं होतं, टाकीत डिझेल किती, आणि चालू व्हायला किती सेकंद. अकरा दिवसांत चित्र एवढं स्पष्ट झालं की काय सांगू. उताराला तोंड आणि टाकी फुल, २ सेकंद. चढाला तोंड आणि टाकी फुल, ७-८ सेकंद. चढाला तोंड आणि काटा पावच्या खाली, २० च्या वर, एकदा तर दोन वेळा थांबून सेल्फ मारावा लागला. टाकीतली लेव्हल जितकी खाली तितकं डिझेल मागं जायला ओढ जास्त, दुसरं काही नाही. ज्यांचा प्रॉब्लेम येतो-जातो करतोय त्यांनी आधी ही वही करा आणि मगच पाना हातात घ्या, मी हे अगदी कळकळीनं सांगतोय, कारण यानंतर माझा एक रुपया सुद्धा वाया गेला नाही.

पुढचं काम म्हणजे पंप खरंच निर्दोष आहे का याची खात्री. पाच लिटरचा कॅन स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवला, त्यात डिझेल भरलं आणि बॉनेटच्या बाजूला उंच स्टुलावर, इंजिनपेक्षा वर येईल असा, दोरीनं बांधून ठेवला. पंपाला येणारी नळी काढून तिथं कॅनमधून नळी जोडली, आणि रिटर्नची नळी (पंपातलं उरलेलं डिझेल टाकीत परत नेते ती) पण त्याच कॅनमध्ये सोडली, हे विसरलात तर कॅन रिकामा होऊन सगळं टाकीत जाईल. एअर काढून गाडी चालू करून बंद केली, रात्रभर तशीच, मुद्दाम चढाला तोंड करून. सकाळी सेल्फला हात लावला आणि चालू. पंप, नोझल, हीटर प्लग सगळे एका फटक्यात सुटले. वीस हजाराचं काम करायची गरज नाही हे एका कॅननं सांगितलं. कॅनवर सुद्धा सुरू व्हायला वेळ लागला असता तर मात्र मी गाडी सरळ पंपवाल्याकडं नेली असती.

आता टाकी ते पंप एवढाच भाग उरला. यासाठी गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली, आतून ८ एमएम, आणि तिचे वीतभर लांबीचे तीन तुकडे मधे मधे जोडले. एक टाकीजवळ, एक फिल्टरच्या आधी, एक फिल्टर आणि पंपाच्या मधे. प्रत्येक जोडाला क्लिप घट्ट, नाहीतर तिथूनच हवा घेईल आणि तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधत बसाल. इंजिन गरम करून आयडलला ठेवलं आणि मोबाइलच्या टॉर्चनं बघत बसलो. टाकीजवळचा तुकडा एकदम स्वच्छ, एक बुडबुडा नाही. फिल्टरच्या आधीच्या तुकड्यात सोड्यासारखे बारीक बारीक बुडबुडे. फिल्टरनंतरच्या तुकड्यात ते तर होतेच, वर अधूनमधून हरभऱ्याएवढा मोठा बुडबुडा. म्हणजे चोर दोन आहेत, एक फिल्टरच्या डोक्यात आणि एक टाकी ते फिल्टर या स्टीलच्या पाइपात. एक बंद केला तरी दुसरा चालूच राहणार, म्हणून तर हा प्रॉब्लेम परत परत येत होता.

ही पारदर्शक नळी फक्त तपासायला, डिझेलनं ती काही दिवसांत कडक होऊन चिरते, काम झालं की काढा.

फिल्टरचं आधी केलं कारण हाताशी होतं. तिथल्या बँजो बोल्टला (ज्याच्या आतून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूनी तांब्याचे वायसर असतात, आणि माझ्या गाडीवर दोनदा फिल्टरचं काम झालं तेव्हा जुनेच वायसर परत बसवले होते. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं, मग ते परत बसताना फट भरत नाही. नवे मिळत असतील तर नवेच घाला, आकार नेऊन दाखवा, लक्ष्मीपुरी किंवा उद्यमनगरात मिळून जातात. अगदीच अडलं तर जुना वायसर गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, मऊ होतो, तांबट लोक भांडं ठोकताना मधे मधे तापवतात ते याच कारणानं. मग काळं पडलेलं बारीक पॉलिश पेपरनं घासून बसवा. हँड पंपाच्या बुडाशी पण ओलसर धूळ चिकटलेली होती, तिथलं रबर कडक झालेलं, ते पण बदललं. परत गाडी चालू करून बघितलं तर मोठे बुडबुडे गेले, सोड्यासारखे बारीक मात्र तसेच.

राहिला तो चेसिसवरून येणारा स्टीलचा पाइप. पूर्ण लांबी हातानं चाचपली, वरून कुठंच काही नाही, रंग पण शाबूत. तेव्हा दोन्ही टोकं सोडवली, एका टोकाला बूच मारलं आणि दुसऱ्या टोकातून सायकलच्या पंपानं हलकी हवा भरली, ३-४ पीएसआय, जास्त अजिबात नाही. कंप्रेसर लावू नका आणि टाकी जोडलेली असताना तर मुळीच नाही. मग साबणाचं पाणी ब्रशनं लावत गेलो. हौद्याच्या खाली, मागच्या बाजूला जिथं पाइप क्लिपेत अडकवलाय तिथं फेस फुगायला लागला. क्लिप काढली तर खाली सुकलेल्या गाळाचा थर, बोटाच्या पेरभर जाड, पिवळट राखाडी, आणि त्याच्या आत पाइपाला गंज खाऊन मोहरीएवढं भोक.

तो गाळ बघितल्यावर सगळा उलगडा झाला. गाडी मी शिरोळ तालुक्यातून घेतली होती. कृष्णा-पंचगंगेच्या त्या पट्ट्यात ऑगस्ट २०१९ ला काय झालं आणि परत जुलै २०२१ ला काय झालं हे आपल्याला कोणी सांगायला नको, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलेलं आपण बघितलंय. गाडी बाहेरून धुतली, सीट बदलली, पण क्लिपांच्या आत, टाकीच्या पट्ट्याखाली, चेसिसच्या पोकळीत बसलेला गाळ कोण काढणार. तो दर पावसाळ्यात ओला होतो आणि लोखंड खात बसतो. विकणाऱ्यानं पुराचं काही सांगितलं नव्हतं, मला त्याचा राग आहे आणि तो राहील. इकडं कोणी जुनी पिकअप घेत असेल तर गाडी जॅकवर घेऊन टाकीचा पट्टा आणि पाइपाच्या क्लिपांखाली स्क्रूड्रायव्हर घालून बघाच, वरचा पेंट बघून काही कळत नाही.

मी पूर्ण पाइपच बदलला. भोकाजवळचा तुकडा कापून मधे रबरी नळी घालता येते, पण एका क्लिपेखाली गंज आहे म्हणजे बाकीच्यांखाली पण सुरू झालेला असणार, आणि तसा तो होताच. दुकानदार तांब्याचा पाइप देत होता, वाकवायला सोपा म्हणून. तो घेऊ नका, गाडीच्या थरथरीनं तांबं कडक होऊन तडकतं आणि डिझेल पण त्यानं लवकर खराब होतं. स्टीलचाच घ्या, जुना पाइप सोबत नेऊन तसाच वाकवून घ्या. टोकाला हलका फुगवटा काढून घ्या म्हणजे नळी सरकत नाही. रबरी नळी घेताना डिझेलचीच मागा, पाण्याची किंवा गॅसची नळी चालत नाही, आतून फुगते. आणि क्लिपा आवळताना ताकद लावू नका, पट्टी रबरात रुतली की तिथंच चिरते. नवा पाइप क्लिपेत बसवताना मधे रबराची पट्टी घातली आणि सगळ्या जुन्या क्लिपा घासून रंगवल्या. टाकीजवळ वेल्डिंग करायचा मोह कोणाला झाला तर कृपया नको, टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते आणि तीच जास्त धोक्याची.

एअर काढायची पद्धत थोडक्यात. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, खाली फडकं धरा, बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत हँड पंप दाबा, स्क्रू आवळा. मग सेल्फ, पण एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि मधे मिनिटभर गॅप, सेल्फ तापतो आणि रोटरी पंपाला वंगण फक्त डिझेलचंच असतं, कोरडा फिरवला तर तो खरंच झिजतो. तरी पकडलं नाही तर दोन नोझलचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारतात, तेव्हा तोंड आणि हात लांब ठेवा, गाडी न्यूट्रलला, चाकाला दगड. नोझलची धार कातडीत शिरते, तसं झालं तर जखम छोटी दिसली तरी ताबडतोब डॉक्टर गाठा. आणि सीआरडीआय गाडी असेल तर हे नट सोडायचं काम बिलकुल करू नका, तिथला दाब हजार बारच्या पुढं असतो.

बरेच जण सुचवतात की लाइनीत एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका, काम संपलं. डिझेल मागं जायचं थांबेल हे खरं, पण भोक तसंच राहणार, गाडी चालू असताना हवा ओढणं चालूच, आणि ते भोक मोठं होऊन एक दिवस यार्डाच्या वाटेवर गाडी मधेच बंद पडणार. फट सापडून बंद झाल्यावर टाकायचा असेल तर टाका, मला गरज पडली नाही.

पाइप बदलून आता चार महिने झाले. वही अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात मुद्दाम काटा पावच्या खाली आणला, तोंड घराकडं करून अंगणात लावली, आणि सलग दोन दिवस बाहेर काढलीच नाही. तिसऱ्या पहाटे चावी फिरवली, दोन सेकंद. आई आतून म्हणाली, "झाली व्हय चालू?"